मामांची माशी, दीपकची दुर्बीण

"एका सकाळचं काम आहे!" अजितने बायकोला ठणकावून सांगितलं. "दहाला दुकान, अकराला निर्णय, बाराला सुरमई आणि एकला मी आडवा!"

खरं तर त्याला फक्त आडवं व्हायचं होतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, आठवड्याचे सहा दिवस परळच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर डोळे फोडायचा. रविवारी लालबागच्या दीड खोलीत तो चादरीसारखा पसरायचा, आणि कमल त्याच्या भोवतीने केर काढायची.

पण या रविवारी कुडाळहून कुशाबामामा आले होते. मामांच्या रताळ्यांच्या शेतात रानडुकरं घुसत होती. मामांकडे परवान्याची जुनी रायफल होती, डुकरं मारायची सरकारी परवानगीही होती. पण तीन महिन्यांत त्यांनी अकरा गोळ्या झाडल्या आणि डुकराच्या शेपटीलाही धक्का लागला नाही! त्यांचा मुलगा दीपक म्हणे, रायफलीला दुर्बीण बसवा. मामा म्हणत, नेम धरायला नळीच्या टोकावरची माशी पुरे. यावरून बापलेकांचं बोलणं बंद. आता ते सुनेमार्फत एकमेकांकडे मीठ मागत. शेवटी दोघांनी पंच नेमला अजितला. का, तर कॉलेजात असताना एनसीसीमध्ये त्याची एक गोळी निशाणाला लागली होती. बाकीच्या गोळ्यांची चौकशी कुणी केली नव्हती.

फोर्टातल्या दुकानदाराने एक रायफल अजितच्या हातात दिली. "मागे ही खाच, पुढे टोकाला ही माशी. खाचेत माशी बसवायची आणि माशीवर सावज. सोपं आहे."

अजितने एक डोळा मिटला. मग दुसरा मिटून पाहिला.

"मामा, माशी कुठाय?"

"अरे, ती काय टोकार! तांदळाएवढी."

"मला तर टोकच दिसत नाही! नळी पुढे धुक्यात गेल्यासारखी वाटतेय."

मग दुकानदाराने दुर्बीण दिली आणि तिची कडी फिरवून त्याच्या डाव्या डोळ्याला जुळवली. अजितच्या तोंडून "अहाहा!" निघालं. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा फोन नंबर त्याने धडाधडा वाचून दाखवला.

"झाला निर्णय! मामा, माशी भंगारात. दुर्बीण घ्यायची!"

"माका नको," मामा म्हणाले.

"पण का?"

"नको म्हणजे नको."

अजितला वाद घालायचं त्राण नव्हतं. त्याने दुर्बीण घेतली आणि घर गाठलं.

सुरमई झाली. तो आडवा होणार, तेवढ्यात दीपकचा फोन आला. "दादा, गॅलरीतून लांबचं काहीतरी बघून घ्या. काच सदोष निघाली तर आजच बदलता येईल."

अजित जांभया देत बनियनवर गॅलरीत गेला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते. त्याने त्यांच्यावर दुर्बीण लावली. एकेका पापडातलं जिरं दिसत होतं! तो मोजत बसला.

समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी त्याला पाहिलं. तेव्हा त्याच्या हातात दुर्बीण होती. ती बातमी पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तिची बंदूक झाली, आणि नाक्यावर जाईपर्यंत तोफच व्हायची बाकी राहिली. वीस मिनिटांत दोन पोलीस दारात!

"बंदूक कुठाय?"

"कुडाळला," अजित प्रामाणिकपणे म्हणाला.

"म्हणजे आहे!"

"आहे, पण माझी नाही. ही दुर्बीण तिची आहे."

"मग नेम कशावर धरत होता?"

"पापडांवर."

कमलने कपाळावर हात मारला. मामांनी परवाना काढून दाखवला, तरी चौकीवर जावंच लागलं. तिथल्या साहेबांनी दीड तास सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चोळत म्हणाले, "अहो, अकरा गोळ्या चुकल्या ना? मग दुर्बीण कसली घेता? या बाबांचे डोळे तपासा आधी!"

कमलला ते शंभर टक्के पटलं. सोमवारी अर्धी रजा टाकायला लावून तिने दोघांना दादरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं.

मामांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"यांचे डोळे उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचेही बघू या. वाचा."

"कुठून?"

"तक्त्यावरून."

"तक्ता कुठाय?"

अजितच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. उजवा तर पुरता पिकलेला!

दोघं बाहेर जिन्यावर आले. मग अजित थांबला. "मामा, तुम्हाला सगळं दिसतं. मग त्या अकरा गोळ्या?"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. "पयली खरीच चुकली. तिच्या आवाजान एक मादी वळली. तिच्या मागसून सात पिल्लां. माझ्याकडे बघीत उभी रवली रे! मगे दहाय गोळ्यो मी आभाळात मारलंय. माशीतसून नुसतो काळो डाग दिसता. दुर्बिणीत तिचे डोळे दिसतले." त्यांनी आवाज खाली आणला. "दीपकाक सांगू नको. त्याची रताळी जातत, माका कळता."

 नेमका तेव्हाच दीपकचा फोन आला.

"दादा, काय ठरलं? माशी की दुर्बीण?"

अजितने एक लांब श्वास घेतला. "दीपक, शेताभोवती दगडी गडगा घाल. अर्धा खर्च माझा."

"आणि बाबांचा नेम?"

"उत्तम आहे. एक सोडली तर प्रत्येक गोळी त्यांना हवी तिथेच गेलीये."

 दीपक हळूच म्हणाला, "फोन जरा बाबांना देता?"

मामांनी फोन कानाला लावला. बापलेक काय बोलले ते अजितला कळलं नाही, पण मामांचा चेहरा सैलावला. त्यांना एकटं सोडावं म्हणून, पंचाच्या ऐटीत ताठ मानेने, अजित तरातरा खाली निघाला.

मामांनी पटकन त्याचं कोपर धरलं.

"सावकाश, पंचानू! अजून दोन पायऱ्यो आसत."