भुऱ्याचा भाकरतुकडा

एका जंगलात, म्हणजे अगदी त्याच्या कडेला, शेळ्यांची एक सुधारलेली वस्ती होती. सुधारलेली म्हणजे काय, असं विचारू नका, मुलांनो. तिथल्या शेळ्या पाला धुऊन खायच्या आणि बोलताना मधूनमधून ‘अभ्यासानुसार’ म्हणायच्या, एवढं तुम्हाला पुरे.

या वस्तीची राखण भुऱ्या नावाचा कुत्रा करी. रोज दिवेलागणीला तो घरोघर जाई आणि दारावर पंजा घासे. दार उघडे. मग कुणी ताकात कुस्करलेली, कुणी दुधातली, तर कुणी नुसतीच शिळी भाकर त्याच्यापुढे टाकी. शेळ्या भाकरी कशा भाजत, हेही विचारू नका. गोष्टीत भाजतात.

या फेरीत भुऱ्याचं पोट भरे आणि राखणही होई. कुणाचं करडू अजून परतलं नाही, कुणाच्या परड्यात परका वास येतोय, हे सगळं त्याला भाकरीबरोबर कळे. तांबूबाई नावाच्या शेळीच्या दारात तो जरा जास्तच रेंगाळे. तिचं करडू चिमी त्याच्या पाठीवर चढून बसे आणि उतरायचं नाव घेत नसे. भुऱ्याचा चिमीवर फार जीव होता.

एक दिवस तांबूबाई पलीकडच्या रानात व्याख्यान ऐकून आली. व्याख्याते होते आहारतज्ज्ञ तरसराव. ते तरस होते, हे नावावरून कळतंच. पण त्यांनी चष्मा लावला होता, त्यामुळे कुणाच्या मनात भलतंसलतं आलं नाही.

तरसरावांचं म्हणणं सोपं होतं. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडगा भाकरी खात नाही. तेव्हा कुत्र्याला भाकरी घालणं म्हणजे त्याचा पिढ्यानपिढ्या चाललेला छळ. त्याला हवं कच्चं मांस, कच्ची हाडं, कच्चं काळीज. शिजवलं की सत्त्व गेलं. आणि त्याला दारोदार तुकडे मागत फिरवणं तर निव्वळ मागासलेपणा.

हे सांगताना तांबूबाईचे डोळे भरून आले. वस्तीची सभा बसली. सगळ्या शेळ्यांना एकदम अपराधी वाटू लागलं, आणि सुधारलेल्या शेळीला अपराधी वाटण्याइतकं सुख दुसऱ्या कशात नसतं. फक्त म्हातारी गोदाक्का कोपऱ्यातून बोलली.

“लांडगा नको म्हणून आपण कुत्रा ठेवला. आता कुत्र्याचाच लांडगा करायचा म्हणता व्हय गं?”

सगळ्यांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. बिचारीने व्याख्यान ऐकलेलं नव्हतं. भुऱ्याला मात्र कुणी काही विचारलं नाही, कारण तो मुळात अन्यायग्रस्त होता आणि अन्यायग्रस्ताला स्वतःचं हित कळत नाही.

मांस तरसरावच पाठवू लागले, पळसाच्या पानात नीट गुंडाळून. ते कुणाचं, हे विचारायला एकही शेळी धजली नाही. शेजारच्या वस्तीतला एक बोकड बेपत्ता झाल्याची बातमी त्याच सुमारास आली होती. पण त्याचा याच्याशी संबंध जोडणं असंस्कृतपणाचं दिसेल, असं तांबूबाईचं मत पडलं. ती नाकाला पदर लावी, काठीने तो पुडा भुऱ्यापुढे ढकली आणि डोळे मिटून म्हणे, किती नैसर्गिक.

पहिल्या दिवशी भुऱ्याने मिटक्या मारत खाल्लं. उगाच त्याला संत करू नका, तो कुत्रा होता. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. तरसराव म्हणाले, विष बाहेर पडतंय. मग तो ओकू लागला. तरसराव म्हणाले, जुनी भाकर बाहेर पडतेय. मग हाडाची कपची घशात रुतली आणि त्याचं भुंकणंच बंद झालं. तरसरावांनी कौतुकाने मान डोलावली. लांडगे कुठे भुंकतात?

पुढे त्यांनी उपासही सांगितले. लांडग्याला काय रोज शिकार मिळते? वस्तीने सगळी दारं लावून घेतली. गोदाक्काने एकदा चोरून ताक-भाकर दिली, तर तिच्या दारासमोर शेळ्यांनी मूक निषेध केला. ‘प्रेमाने मारताय तुम्ही त्याला’, असं तिला सुनावण्यात आलं. म्हातारीने मग नाद सोडला.

भुऱ्याच्या बरगड्या वर आल्या. तांबूबाई पाहुण्यांना त्या दाखवी. बघा, कसा अगदी मूळ रूपात येतोय.

एके दिवशी भुऱ्या सरपटत तिच्या दाराशी आला. तो फार घाबरला होता. एरवी वाघालाही न भ्यालेला कुत्रा तो.

“बाई, मला भाकर द्या,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “सकाळी चिमी माझ्या पाठीवर बसली होती. मला तिचा वास आला. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.”

तांबूबाईने आनंदाने टाळी वाजवली. “अय्या, खरंच? तरसराव म्हणालेच होते, असंच होणार. तुझा पूर्वज जागा होतोय रे.”

भुऱ्या दारातून मागे सरला. त्याला रडू येत होतं. मग त्याने लांबूनच एकदा चिमीला डोळे भरून पाहिलं आणि मागे न वळता तो रानाच्या वाटेला लागला. आपल्यापासून तिला वाचवायचा एवढा एकच मार्ग त्या अडाणी जनावराला सुचला.

वस्तीत आनंदीआनंद झाला. भुऱ्या निसर्गाकडे परतला. तरसरावांचा सत्कार ठरला. गळ्यात झेंडूची माळ पडली, तांबूबाईचं भाषण झालं आणि पोरांनी स्वागतगीत म्हटलं. एकीने मात्र हळूच शंका काढली की आता राखणीचं काय.

तरसराव विनयाने हसले. त्यांचे दात फार सुरेख होते.

“मी आहे ना. भुऱ्या जायचा तसा मीही घरोघर जाईन. भाकरबिकर काही नको मला. तुमचं प्रेम आहे, तेवढं पुरे.”

शेळ्यांना गहिवरून आलं. एवढा मोठा तज्ज्ञ, आणि किती साधा.

त्याच दिवशी दिवेलागणीला ते फेरीला निघाले. पहिलं घर तांबूबाईचं होतं. त्यांनी दारावर पंजा घासला. “भुऱ्या आला, भुऱ्या आला,” म्हणत चिमी धावत गेली आणि तिने दार उघडलं.

तात्पर्य: कुत्र्याला त्याच्या पूर्वजांचं अन्न अवश्य द्यावं. मात्र आपले पूर्वज कुणाचं अन्न होते, याचा शेळ्यांनी अभ्यास करत बसू नये. त्याने प्रगतीला खीळ बसते.