डाव्या पायाच्या अकरा चपला

चिखल्या नावाच्या छोट्या किनारपक्ष्याचं अंडं जेमतेम सव्वातीन सेंटीमीटर लांब असतं. रंग वाळूचा, वर पेन झटकल्यासारखे काळे ठिपके. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. त्यामुळे अंडं माणसाला सापडतं ते बहुधा बुटाखालीच!

हे सगळं मावशींना पुस्तकात वाचून पाठ होतं. एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई! निवृत्त झाल्यावर त्यांनी राखीव किनाऱ्याच्या सफाईसाठी नाव दिलं. पहिल्याच सकाळी तिथला राखणदार सूचना सांगायला लागला, तर मावशींनी हात वर केला.

"दादा, कचरा कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. मी थेंबभर रक्तातल्या पेशी मोजल्यात!"

राखणदार भिडस्त माणूस. "बरं मावशी," म्हणाला आणि फाटकाकडे गेला. नऊ वाजता एका बँकेचे चाळीस कर्मचारी सफाईला येणार होते.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. दूरच्या शहरातली लेक.

"आई, तुझी खोली रंगवून झाली. कायमची येतेयस की नाही ते आज सांगायचंच!"

"कळवते."

"सात महिने तेच ऐकतेय!"

खरंच होतं ते. नोकरीत मावशींनी एक रिपोर्ट कधी उशिरा दिला नव्हता, पण हा एक काही हातून सुटत नव्हता. तिकडे जायचं तर मन होईना, आणि इथं राहायचं तर 'कशासाठी?' याला उत्तर सापडेना. इथं त्यांची कुणाला गरज होती?

मग त्या कामाला लागल्या. उचललेल्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद! लेबल नसलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, ही जुनी खोड. घरी तर त्या लोणच्याच्या बरणीवरही तारीख आणि सही करत. लेक त्यावरून खूप हसायची. आता वहीत उतरत होतं: 'क्र. १७. चप्पल, डावी, निळी, अंगठा तुटका. लाकडी खांबापासून उजवीकडे १४२ पावलं, पाण्याकडे ३१.' चिमुकले पक्षी भोवती ओरडत धावत होते. मावशींना वाटलं, आपलं स्वागत चाललंय!

पावणेनऊला राखणदार परतला. किनारा आरशासारखा लख्ख! त्याचा चेहरा मात्र धुवून वाळत टाकल्यासारखा पांढरा पडला.

"मावशी... इथल्या चपला?"

"पोत्यात! काय घाण करतात हो लोक!"

राखणदार मटकन वाळूत बसला. "त्या मीच ठेवल्या होत्या. झेंडा लावला तर कावळे अन् माणसं दोघंही बघायला येतात. तुटक्या चपलेकडे कुणी ढुंकून बघत नाही. जिथं डाव्या पायाची चप्पल, तिथून जमिनीकडे दोन पावलांवर घरटं. लाटेनं आलेल्या डाव्या मी रोज उचलतो, उजव्या राहू देतो. अकरा घरटी होती, मावशी. आता चाळीस माणसं कुठून चालवू?"

मावशींना सकाळ आठवली. हीच ती सूचना, जी आपण ऐकून घेतली नाही! त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. राखणदारानं एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्याचे डोळे अंड्यांपेक्षा मोठे झाले.

"पावलं मोजलीत?"

"सवय आहे," मावशी पुटपुटल्या. "उठा आता!"

मावशी पावलं मोजत पुढे, राखणदार पोतं घेऊन मागे. सहा चपला जागच्या जागी पोचल्या आणि पिवळे टी-शर्ट घातलेली बँक दाखल झाली. समोर काय दृश्य? पांढऱ्या केसांची एक सभ्य बाई पोत्यातून कचरा काढून किनाऱ्यावर मांडतेय!

"अहो बाई, वयाचा तरी विचार करा!" मॅनेजर कडाडले.

"साहेब, आठवी ठेवतेय, मध्ये बोलू नका! मोजणी चुकेल!"

"आणि वर मोजतेय!"

एका उत्साही कॅशियरबाईंनी सातवी चप्पल उचलून टाळ्या मिळवल्या. मावशींनी ती हिसकावून परत ठेवली. कॅशियरबाईंनी पुन्हा उचलली. असं तीनदा झालं! शेवटी त्या भिडस्त राखणदारानं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला.

"कुणी हलायचं नाही! पायाखाली अंडी आहेत!"

चाळीस माणसं फोटोतल्यासारखी थिजली. मॅनेजर तर एक पाय वर धरूनच उभे. ऐकून घेतल्यावर त्यांनीच कॅशियरबाईंकडून चप्पल घेतली आणि दोन्ही हातांनी, चेक द्यावा तशी, मावशींपुढे धरली.

अकराच्या अकरा चपला लागल्या. एक अंडंही फुटलं नव्हतं. आणि अकराव्या चपलेपाशी वाकलेल्या मावशींना थोडं पलीकडे तीन ठिपकेदार खडे दिसले. खडे कसले!

"दादा, बारावं!"

"हे मलाही ठाऊक नव्हतं," राखणदार हळूच म्हणाला. "मावशी, खांब मी रोज बघतो, पण पावलं मोजायचं कधी सुचलं नाही. उद्यापासून ही वही इथं हवी. तुमच्यासकट. उपकार होतील."

मावशींनी पोतं जवळ ओढलं. 'मावशी, तुमच्यामुळे घोटाळा झाला', असं म्हणायचं सोडून हा माणूस उपकार म्हणतोय! पोत्यात आता डावी चप्पल एकही उरली नव्हती. त्यांनी पायातली काढली, नवीकोरी, आणि बाराव्या घरट्यापासून पाण्याकडे दोन पावलं मोजून ठेवून दिली.

फोन वाजला.

"आई, काय ठरलं? तिथं आता आहे काय तुझं?"

एका पायात चप्पल, दुसरा तापत्या वाळूवर, अशा मावशी बगळ्यासारख्या उभ्या होत्या.

"तीन अंडी," त्या म्हणाल्या, "आणि माझी डावी चप्पल. मी नाही येत गं. इथंच राहणार."