धुळ्यातली गल्ली वाकत नाही

आमच्या शेजारचे नाना कुठलंही दार दिसलं की वाजवून बघतात. दार कुणाचं, कशाचं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका लग्नाला गेलो होतो. आमच्याकडे हल्ली मंडपाच्या तोंडाशी राजवाडा उभारायची पद्धत पडली आहे. थर्माकोलचे हत्ती, थर्माकोलचे खांब आणि मधोमध एक बंद सोनेरी दार. वरात येऊन ठेपली, बँड जोरात, आणि नाना त्या सोनेरी दाराची कडी वाजवत उभे. दोनदा वाजवली, दाराला कान लावला आणि मागे वळून नवरदेवाच्या काकांना अहिराणीत म्हणाले, "आतमा कोन्हीच नही शे." काकांना वाटलं, नवरी पळून गेली. पाच मिनिटं बँड बंद होता.

नानांनी चौतीस वर्षं धुळ्यात टपाल वाटलं. त्यामुळे ज्या दारामागे माणूस नाही त्याला दार म्हणायला ते तयार नसतात. माणसंही त्यांना नावानं नाही, पत्त्यानं कळतात. मी म्हणजे 'दुसरा मजला, डावा हात'. माझी बायको म्हणजे 'डावा हात, हिरवा पडदा'. दिवाळीला आम्ही पडदे बदलले तेव्हा नाना आठवडाभर नाराज होते. निदान आधी कळवायचं तरी, असं त्यांचं म्हणणं. पत्त्यात 'जवळ' हा शब्द लिहिणाऱ्याला ते लबाड समजतात. मी शाळेत भूगोल शिकवतो, पण नानांच्या मते मला भूगोल येत नाही, कारण मी अख्ख्या जगाचा शिकवतो. जगात टपाल वाटलेलं नसताना जगाबद्दल बोलू नये, हे त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं आहे.

चार वर्षांपूर्वी मुलीनं त्यांना आणि त्यांच्या बायकोला, अक्कांना, जळगावला, आमच्या बिल्डिंगमध्ये आणलं. ती स्वतः मागच्याच गल्लीत राहते. अक्कांचं विस्मरण वाढत चाललं होतं म्हणून हे सगळं. अक्का रोज दुपार कलली की कापडी पिशवीत दोन लुगडी आणि एक पितळी तांब्या भरतात, दारात येऊन बसतात आणि विचारतात, "घर कव्हय जावानं?" नाना म्हणतात, "सकाय जाऊ." उद्या, म्हणजे. मग ते पिशवी उचलतात, लुगडी कपाटात आणि तांब्या फळीवर ठेवतात. भिंत मधे असली तरी हे सगळं आम्हाला ऐकू येतं. नानांच्या आवाजात मी एकदाही कंटाळा ऐकलेला नाही. आमच्या घरी मीठ संपलंय हे मला दुसऱ्यांदा सांगितलं तरी माझा आवाज चढतो.

तर, एरंडोलच्या पुढे हायवेला 'नगरदर्शन' नावाचं एक पार्क झालं आहे. पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, पण मुख्य आकर्षण म्हणजे त्यात शहरं आहेत. एका तिकिटात पॅरिस, व्हेनिस, जयपूर आणि 'जुने धुळे'. धुळं तिथून तासाभराच्या अंतरावर खरंखुरं उपलब्ध असताना तिकीट काढून कोण बघेल, असं मला वाटलं होतं. पण रविवारी तिथे धुळ्याच्याच गाड्या जास्त असतात. मुलांनी हट्ट धरला म्हणून आम्ही निघालो, आणि 'जुने धुळे' हे शब्द कानावर पडताच नाना अक्कांना मुलीकडे सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या गाडीत पुढे येऊन बसले.

पॅरिसचा मनोरा आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीएवढा होता. नाना मनोऱ्याकडे बघायलाही तयार नव्हते. त्यांनी सरळ रस्त्याच्या कडेची दारं धरली. पहिलं दार भिंतीवर रंगवलेलं निघालं. दुसरं लाकडाचं होतं, पण मागे काहीच नव्हतं. तिसरं वाजवल्यावर आतून "कोन शे?" असं विचारलं गेलं आणि दार उघडलं. आत झाडू, बादल्या आणि डबा खात बसलेली एक बाई. नानांनी तिचं गाव विचारलं. ती पहूरची होती. पॅरिसमधलं एक दार खरं आहे, असा निकाल नानांनी दिला आणि ते प्रसन्न मुद्रेनं पुढे निघाले.

व्हेनिसला मी थोडं शिकवून घेतलं. कालवे, बेटं, नावा. नानांनी मधेच विचारलं की तिथला पोस्टमन सायकल कुठून चालवतो. नावेतून टपाल वाटतात, असं मी ठोकून दिलं. नाना बराच वेळ त्या हिरव्या पाण्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्या न बघितलेल्या पोस्टमनबद्दल त्यांना वाईट वाटलं असावं.

मग आलं जुने धुळे. कमान, बैलगाडी, कोरडी विहीर, मातीच्या कोंबड्या. पुढे पाटी, 'गल्ली नं. ५'. पाटीखालून गल्ली निघाली ती डावीकडे वळली, मग उजवीकडे वळली, आणि तिसऱ्या वळणावर सेल्फी काढायची जागा होती. मुलं धावत गेली. नाना पाटीखालीच उभे राहिले. 

"हाई धुयं नही शे," ते म्हणाले. "धुळ्यातली गल्ली वाकत नाही." दुसरं वाक्य ते शुद्ध मराठीत बोलले. शुद्ध मराठी नाना फक्त सरकारी कामाला वापरतात, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

धुळं न बघितलेल्यांसाठी सांगतो. तिथल्या जुन्या पेठेतल्या गल्ल्या आखून काढलेल्या आहेत. सरळ, एकीशेजारी एक, आणि नावाऐवजी नंबर. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाला कुणी पापड वाळत घातलेत ते दिसावं, अशी रचना. धुळेकराला त्याचं विशेष काही वाटत नाही. फक्त पाहुण्याला पत्ता सांगताना तो 'नंबर' हा शब्द जरा जोरात उच्चारतो.

घरी आल्यावर नानांनी पार्काला पोस्टकार्डं लिहायला घेतली. एका कार्डात एकच चूक. मी म्हटलं, सगळं एकदम पत्रातच लिहा ना. त्यावर नाना म्हणाले, एका कागदावर दोन तक्रारी लिहिल्या की वाचणारा सोपी तेवढी निवडतो. पहिलं कार्ड भरताचं होतं. तिथल्या टपरीवर वांगी गॅसवर भाजतात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर भाजावी. दुसरं विहिरीच्या रहाटाचं, तिसरं ओट्याच्या उंचीचं. एवढ्या उंच ओट्यावर म्हातारं माणूस चढणार कसं, असा त्यात सवाल होता. प्रत्येक कार्डाला छापील आभार यायचे. पण महिन्याभरात आमच्या शाळेची सहल तिथे गेली तर भरताच्या टपरीमागे पऱ्हाटीचा भारा दिसला, आणि ओटे खरंच वीतभर खाली आले होते. मी हे शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगायचो. नानांची नक्कल मला बऱ्यापैकी जमते. सातव्या कार्डावर एकच ओळ होती, 'गल्ली नंबर पाच सरळ करावी.' त्यावर मात्र आभार आले नाहीत, भेटायला या म्हणून फोन आला, आणि मी नानांना घेऊन गेलो.

पार्काचे मॅनेजर भामरेसाहेब मूळचे साक्रीचे. माणूस अंगानं आडवा आणि हसरा. त्यांच्या टेबलावर नानांची सातही कार्डं रबर लावून ठेवलेली होती. त्यांनी चहा मागवला आणि नानांना मनापासून समजावलं. पार्काचा नकाशा मुंबईच्या माणसानं काढला आहे. जुनं गाव म्हणजे वळणावळणाचं, असं लोकांच्या डोक्यात असतं. शिवाय गल्ली सरळ असली की लोक तोंडाशी उभे राहून सगळं बघतात आणि परत फिरतात. वळण असलं की पुढे काय आहे म्हणून चालत राहतात.

नाना म्हणाले, "माले पुढलं बठ्ठं", म्हणजे सगळं, "दिसे. तरी मी चौतीस वरीस चालनू."

भामरेसाहेबांचं हसू जरा कमी झालं. त्यांनी दुसरा डाव टाकला. नानांनी इथेच यावं, खाकी ड्रेस घालावा, खांद्याला बॅग लावावी, लोक फोटो काढतील. नानांनी विचारलं, बॅगेत काय असेल. काही नाही, रद्दी भरू, साहेब म्हणाले. नाना चहा अर्धा टाकून उठले.

"रद्दी लई कोना दारे जाऊ मी?" एवढंच बोलले आणि बाहेर पडले.

परत येताना एरंडोलला आम्ही चहाला थांबलो.  मी त्यांची समजूत काढायला म्हटलं, जाऊ द्या नाना, पार्कापासून तासभर पुढे गेलं की खरी गल्ली आहेच की. तेव्हा त्यांनी सांगितलं. अक्कांना ते दोनदा धुळ्याला घेऊन गेले होते. त्यांचं घर होतं तिथे आता तीन मजली दुकानं आहेत, ओट्याच्या जागी काच आहे. गल्लीभर पाट्या पुढे आलेल्या, गाड्या लावलेल्या; या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही. अक्का रिक्षातून उतरल्याच नाहीत. हे कुठलं गाव, म्हणून विचारत राहिल्या.

टपालाच्या दिवसांत नाना रोज दुपारी गल्लीच्या तोंडाशी वळले की सायकलची घंटी दोनदा वाजवायचे. अक्का ओट्यावर बसलेल्या असायच्या. त्यांना एवढ्या लांबून नाना दिसायचे आणि त्या उठून तवा ठेवायच्या. दोन्ही बाजूंची टपालं टाकत नाना दारात पोचेपर्यंत भाकरी फुगलेली असायची.

"तिले तेवढंच याद शे," नाना म्हणाले. "घर नको माले, मास्तर. तिले मी दुरून दिसाले पाहिजे."

मला त्या चहाच्या टपरीवर लाज वाटली. तीन महिने मी या माणसाची नक्कल करून टाळ्या घेत होतो. ओटा खाली घ्यायला लावताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं, हे भूगोलाच्या मास्तरला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेलो आणि एक कार्ड घेतलं. आठवं कार्ड मी लिहिलं. नानांच्या नियमानं त्यात एकच गोष्ट लिहिली, घंटी आणि भाकरी. पंधरा दिवसांनी भामरेसाहेबांचा फोन आला. मंगळवारी पार्क बंद असतं, सकाळी या, एवढंच म्हणाले.

मंगळवारी आम्ही गेलो. अक्का पिशवी घेऊनच गाडीत बसल्या होत्या. 'गल्ली नं. ५'च्या पाटीखाली भामरेसाहेब उभे होते. वळणावरच्या भिंती फायबरच्या निघाल्या, लोखंडी सांगाड्यावर नटबोल्टनं बसवलेल्या. साहेबांनी त्या खोलून दोन्ही बाजूंना ओळीत लावून घेतल्या होत्या. बुधवारी परत लावाव्या लागतील, मालकांना अजून सांगितलेलं नाही, असं ते हळूच म्हणाले. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. नानांनी एक डोळा मिटून ती नजरेनं तपासली. तुळस चुकीच्या दारापुढे आहे, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. मग आभार मानले, शुद्ध मराठीत.

नानांनी नेमून दिलेल्या, शेवटून पाचव्या दाराच्या ओट्यावर मी अक्कांना बसवलं. त्या इकडेतिकडे बघत होत्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. "घर कव्हय जावानं?" त्यांनी मला विचारलं. मी गल्लीच्या त्या टोकाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात त्या टोकाला घंटी वाजली, दोनदा. वॉचमनची सायकल घेऊन नाना गल्लीत वळले. ते सायकलवर बसले नव्हते, हातात धरून चालत येत होते. दर दाराशी थांबत होते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, जसं टपाल टाकत यावं तसं. अक्का बघत राहिल्या. त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. पदर सारखा केला.

नाना जवळ आले तेव्हा अक्का जरा रागानंच म्हणाल्या, "आज इतला उशीर कसा व्हयना?"

"टपाल जास्त व्हतं," नाना म्हणाले.

अक्का भाकरी टाकायला उठल्या. मागे वळून त्यांनी दाराच्या कडीकडे हात नेला. ते दार भिंतीला पक्कं ठोकलेलं होतं, मागे नुसतं कपाशीचं शेत.  नानांनी चटकन सायकल भिंतीला टेकवली आणि अक्कांचा तो हात आपल्या हातात घेतला.

"बठ जराशी," ते म्हणाले. "माले आजून भूक नही शे."

सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. अक्का बसल्या. नानाही त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले, त्या दाराकडे पाठ करून. नानांनी न वाजवलेलं दार मी पहिल्यांदाच बघत होतो.