आवडी सायाळीची भांग पिवळी पडते

एका जंगलात, जिथे हल्ली रिसॉर्ट झालंय पण तेव्हा नव्हतं, तिथे बाळांनो, एक सिंह होता आणि त्याला झोप येत नव्हती.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, आम्हालाही येत नाही. पण तुम्हाला झोप आली नाही की तुम्ही पाणी मागता, शू मागता, आणखी एक गोष्ट मागता. सिंहाला झोप आली नाही की तो काहीतरी चघळायला मागायचा. आणि सिंह काही बडीशेप चघळत नाही.

त्यामुळे राजाची झोप हा अख्ख्या प्रजेचा प्रश्न होता. अंगाई म्हणायला कोकिळा ठेवली, ती पहिल्या कडव्यातच गेली. पाय चेपायला ससा ठेवला, तोही गेला. शेवटी प्रधान कोल्हेबुवांनी डोकं चालवलं आणि जाहीर केलं की महाराजांना भांग पाजावी.

भांग म्हणजे काय, ते आत्ता विचारू नका. एक झाड असतं. त्याची पानं पंजा उघडल्यासारखी असतात. शंकराला ते आवडतं, आणि शंकराचं नाव सांगून तुमच्या मधल्या काकालाही आवडतं. झालं. पुढे ऐका.

पूर्वी त्या जंगलात भांग ओढ्याकाठी आपोआप उगवायची. पण एका शिमग्याला हरणांनी ती बुडख्यासकट चरली, आणि मग सगळा कळप सिंहासमोर जाऊन हसत उभा राहिला. तेव्हापासून जंगलात भांग कमी आणि हरणंही कमी. म्हणून या खेपेला भांग उघड्यावर नको, बिळात लावायची, असं ठरलं.

बीळ कुणाचं? आवडी सायाळीचं.

सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेला प्राणी. घाबरली की तिचे काटे उभे राहतात, आणि ती तोंड फिरवून पाठीमागे धावते. म्हणजे संकटाकडे ती कधी बघत नाही, संकटावर बसते. आवडी तर पहिलटकरीण, त्यामुळे तिचे काटे सहसा उभेच असायचे. तिला दोन पिल्लं होती, ठकू आणि बाब्या. त्यांचे काटे अजून शेवयांसारखे मऊ होते. नवरा कंदमुळं उकरायला बाहेर असायचा आणि घरी आला की "होईल सगळं नीट" एवढं म्हणून घोरायचा.

कोल्हेबुवा बी घेऊन आले. सोबत वाळलेल्या भोपळ्यांची अर्धी अर्धी टरफलं, त्यांत माती. म्हणाले, बाळंतिणीचं बीळ उबदार असतं, आणि तुला वाढवायची सवय आहेच.

आवडीने हळूच विचारलं, "आणि नाही वाढली तर?"

कोल्हेबुवांनी ठकू-बाब्याकडे पाहिलं. "तर महाराज जागे राहणार. मग त्यांना काहीतरी कोवळं लागतं," ते म्हणाले, आणि बाब्याच्या डोक्यावरून मायेने हात फिरवून गेले.

त्या दिवसापासून आवडीला ढीगभर लेकरं झाली असं समजा. दोन काट्यांची आणि बाकीची मातीतली.

उजेडासाठी बिळाच्या छताला काजवे लावले. काजवे सरकारी होते, त्यामुळे निम्मे कायम विझलेले. तरी बी रुजलं. इवली इवली रोपं वर आली, दोन दोन गोल पानं, मग मधून बोटांसारखी लांबट. आवडी त्यांच्याकडे बघत बसायची आणि काही वाईट दिसतंय का ते शोधायची. काही दिसलं नाही की जास्त घाबरायची.

आता त्या जंगलात एक पद्धत होती. बाळंतिणीच्या दारावरून जो जाईल, तो आत डोकं घालून विचारायचा, "पाजलंस का गं?" उत्तर ऐकायला कुणी थांबत नसे. आपण नाही का जिन्यात म्हणत, जेवण झालं का, आणि खाली उतरून जातो? तसंच.

पण आवडीला कुणी काही विचारलं की तिला तो आरोप वाटायचा. पिल्लांना तर पाजलेलं असायचं, ती पोट टम्म करून पडलेली असायची. मग हा विचारतोय कुणाबद्दल? रोपांबद्दल असणार. ती राजाची. म्हणजे आपण पाजलं नाही असं वाटलं याला. ती लगेच उठायची आणि प्रत्येक भोपळ्यात शिंपलीभर पाणी घालायची.

सकाळी मुंगूस जायचा, "पाजलंस का गं?" शिंपली. मग घोरपडकाकू. शिंपली. मग रानडुकरीण आपल्या बारा पोरांना घेऊन, आणि ती पोरंही ओळीने तेच विचारायची, कारण आई विचारते.

एके सकाळी खालचं एक पान पिवळं दिसलं.

आवडीने डोळे चोळले. दुसरं रोप पाहिलं. तेही. मातीला कुबट वास येत होता, वर चिलटं घोंघावत होती, पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. पण तिचं लक्ष फक्त पिवळ्यावर. कारण पिवळं तिने एकदा पाहिलं होतं. ठकू जन्मला तेव्हा तोही पिवळा होता. सासू म्हणाली होती, कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धर. तिने ठकूला रोज उन्हात धरला आणि तो बरा झाला. तेवढे दिवस ती जेवली नव्हती.

म्हणून तिने एक भोपळा उचलला आणि बिळाबाहेर कोवळ्या उन्हात नेऊन ठेवला. उरलेल्या हरणांपैकी एक तिथून चाललं होतं. त्याने विचारलं, "पाजलंस का गं?", रोप बुडापासून खाल्लं, आणि दुपारपर्यंत माळावर उताणं पडून स्वतःच्या खुरांना हसत राहिलं.

झालं. बातमी पसरली की राजाची भांग आजारी आहे. मग सल्ले सुरू झाले.

पहिला आला पोपट. पोपटाला स्वतःचं मत नसतं, तो प्रत्येक बोलणं "जसं आलं तसं पुढे पाठवतोय" असं म्हणून सुरू करतो. त्याने सांगितलं, मुळाशी ताक घाला, भांग हिरवीगार होते. आवडीने कुठून कुठून नीलगाईचं ताक मिळवून घातलं. संध्याकाळी तोच पोपट परत येऊन म्हणाला, जसं आलं तसं पुढे पाठवतोय, ताक चुकूनही घालू नका, तीन पिढ्या रोपं धरत नाहीत. आवडीने ताक धुऊन काढायला भसाभसा पाणी ओतलं.

मग आले डॉक्टर वानरे. हे मोठे पानतज्ज्ञ. डोंगरापलीकडे एका शेतकी कॉलेजच्या भिंतीवर काही वर्षं बसून आले होते. त्यांनी रोपांना प्रदक्षिणा घातली आणि नमुना मागितला. एक पान तोडून चघळलं. डोळे मिटून म्हणाले, लोह कमी आहे. आणखी एक नमुना घेतला. नत्रही कमी आहे. आणखी एक घेतला. मग न विचारताच चौथाही तोंडात टाकला.

"मला आईची आठवण येतेय," डॉक्टर वानरे म्हणाले.

आवडीने काळजीने विचारलं, हे चांगलं लक्षण की वाईट? डॉक्टरांनी डोळे पुसले आणि रोगाचं नाव सांगितलं. पीतपर्णी. म्हणजे काय? म्हणजे पानं पिवळी पडणे. आवडीने तेच तर सांगितलं होतं. पण आता ते संस्कृतात झालं होतं, त्यामुळे तिला जरा बरं वाटलं. औषध म्हणून वटवाघळांची विष्ठा पाण्यात कालवून घालायला सांगितली. भरपूर पाण्यात.

रोपं आणखी पिवळी झाली.

मग कोल्हेबुवा पाहणीला आले. नाक दाबून म्हणाले, बिळात कष्टाचा सुगंध येतोय. जाता जाता त्यांनी सांगितलं की पौर्णिमेला दरबार आहे, महाराज त्याच दिवशी भांग घेतील. आणि पुन्हा बाब्याच्या डोक्यावरून हात फिरवला. या वेळी पाठीवरूनही फिरवला, आपण वांगी घेताना फिरवतो तसा.

आवडी तशीच उठली. ती घोरपडकाकूंकडे जाऊन रडली. काकूंचं वय झालेलं, जीभ दुभंगलेली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला त्यांची दोन मतं असायची. पण या वेळी त्यांचं एकच मत पडलं.

"दृष्ट लागलीय मेल्यांना. अगं, येणारा-जाणारा डोकं घालून बघतो, असं कुणाचं बाळ टिकतं? दारावर घोंगडं टाक. कुणालाही आत बघू देऊ नकोस. मलासुद्धा."

आवडीने दारावर घोंगडं टाकलं. भोपळ्यांना एकेक काळी तीट लावली. काजवे आतच राहिले, कारण सरकारी असल्यामुळे ते कुणाकडे बघतच नसत.

दार बंद, बाहेर शांत. आवडी पिल्लांना कुशीत घेऊन बसली. कुशीत म्हणजे जरा अंतरावर, काटे बेताने ठेवून. तेवढ्यात बाहेरून पोपट ओरडत गेला, जसं आलं तसं पुढे पाठवतोय, कोल्हेबुवा पिल्लांचं वजन करायला निघालेत.

ते खरं होतं की नाही, देव जाणे. पण आवडीचे काटे ताडकन उभे राहिले. ती दाराकडे तोंड करून पिल्लांच्या पुढे उभी राहिली, आणि तोंड फिरवायचं विसरून जातीच्या सवयीने जोरात मागे धावली. पिल्लं चपळ, ती बाजूला झाली. भोपळ्यांना बाजूला होता येत नाही. पाण्याने मऊ झालेल्या त्या टरफलांत तिचे काटे कचाकचा घुसले.

तिने काटे उपसले तेव्हा प्रत्येक भोपळ्याच्या बुडाला भोकं पडली होती आणि त्यांतून काळं, घाण पाणी वाहत होतं. ताक, विष्ठा, अख्ख्या जंगलाची विचारपूस, सगळं बिळभर झालं.

आपल्याच पाठीने आपण मातीतल्या पोरांना मारलं, असं आवडीला वाटलं. तिने पिल्लांना कोरड्या कोपऱ्यात सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रोपांना पाणी घातलं नाही. मेलेल्याला कोण पाणी घालतं? घोंगडं असल्यामुळे कुणी डोकंही घातलं नाही, आणि "पाजलंस का गं?" असं कुणी विचारलं नाही.

पौर्णिमा जवळ आली तेव्हा ठकूनेच तिला ढोसलं. आवडीने भीत भीत मान वळवली.

रोपं उभी होती. खालची पिवळी पानं गळून पडली होती, आणि वर नवी आली होती. हिरवीगार, बोटं फाकवून, दोन्ही हातांनी टाटा करतायत अशी.

दरबार भरला. भांग घोटायचं काम डॉक्टर वानऱ्यांनी हट्टाने मागून घेतलं, त्यामुळे ते आधीच खूप प्रेमळ झाले होते. सिंहासमोर मोठं भांडं आलं. सिंहाने विचारलं, पानं पिवळी पडली होती ना? कुणी वाचवली?

"मी, महाराज," कोल्हेबुवा म्हणाले. "माझ्या देखरेखीखाली."

"निदान माझं," डॉक्टर वानरे म्हणाले, आणि शेजारच्या खांबाला मिठी मारली.

घोरपडकाकू शेपूट सावरत पुढे निघाल्या होत्या, पण जागा उरली नव्हती. मानकऱ्यांच्या आसनांवर, अगदी राजाच्या पंजाजवळ, दोघेच मावले. पोपट सिंहासनाच्या पाठीवर बसला.

आवडी दाराशी उभी होती. भोकांबद्दल तिला काहीतरी सांगायचं होतं, नक्की काय ते तिलाही कळलं नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी बाब्याला शी झाली. ती त्याला घेऊन बाहेर गेली. बाळांनो, आईला तुम्ही नेहमी भलत्या वेळी बोलावता, पण एखाद्या वेळी बरोबर वेळेला बोलावता.

सिंहाने भांग प्यायली. त्याला झोप आली नाही. आधी तो आपल्या आयाळीकडे बघून हसला. मग गंभीर झाला. मग त्याच्या पोटातून आवाज आला. भांगेची ही एक खोड आहे आणि ती कोल्हेबुवांनी विचारात घेतली नव्हती, की प्यायल्यावर भयंकर भूक लागते. गोड, तिखट, काहीही चालतं. जे जवळ असेल ते.

जवळ मानकरी होते.

डॉक्टर वानरे शेवटपर्यंत हसत होते म्हणतात. कोल्हेबुवांनी मात्र घाईघाईने सांगायचा प्रयत्न केला की श्रेय खरं तर सगळ्यांचं आहे. पोपट उडाला.

पोट भरल्यावर सिंहाला अशी गाढ झोप लागली की घोरण्याने झाडांची पानं हलू लागली. सगळ्या जंगलाने ठरवलं की भांग लागू पडली. पोपटाने तसं चारी दिशांना पुढे पाठवलं.

काही दिवसांनी नवे प्रधान तरसबुवा नवं बी आणि नवे भोपळे घेऊन आवडीच्या दारात आले. त्यांनी घोंगडं सारून आत डोकं घातलं.

"पाजलंस का गं?"

"हो, आत्ताच," आवडी म्हणाली आणि जागची हलली नाही.

तरसबुवा म्हणाले, रोपं परत पिवळी पडली तर काय करायचं, काही ठरवलंयस का? आवडीने भोपळे ओळीने मांडले, पाठ फिरवली, आणि काही सांडलं-लवंडलं असं दाखवत हळूच त्यांच्यावर बसली. कच्‌ कच्‌ आवाज आला. मग ती पदर नसतानाही पदर सावरल्यासारखं करून म्हणाली, "मला मेलीला काय कळतंय, साहेब. जगली तर ती तुमच्यामुळेच जगतील. दरबारात तुम्ही पुढे बसा, महाराजांच्या अगदी जवळ."

तरसबुवा खूश होऊन गेले. बाब्याच्या डोक्यावरून हात फिरवायचं मात्र ते विसरले, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे आसन दिसत होतं.

पानं कशाने पिवळी पडली होती, ते तुम्हाला केव्हाच कळलंय. तुम्ही हुशार आहात. म्हणूनच सांगते, कुणी विचारलं तर आपल्याला माहीत नाही म्हणा.

तात्पर्य : कुणी काळजीने विचारलं की "हो" म्हणावं आणि हातातली शिंपली खाली ठेवावी. आणि झाड जगलंच, तर ते कुणामुळे जगलं हे सांगायला ज्यांना घाई असेल त्यांना पुढे बसवावं, आपण आपली पोरं घेऊन दाराजवळ उभं राहावं.