नऊ हिरवी पाकिटं

दुपारी साडेबाराला, रोजच्या डुलकीसाठी, प्रयोगशाळेतले दिवे मालवले, सगळ्यांनी टेबलांवर माना टाकल्या आणि पाचच मिनिटांत त्सेंगसर घोरू लागले. जागा होता एकटा कुओ-शेंग. त्याच्या पोटात दुखत होतं, आणि दुखण्याचं नाव होतं म्याओ-छिंग.

दोघांचं काम एकच: खोलीत कोण हललं, कुणाचे श्वास आणि ठोके कसे चालू आहेत, हे कॅमेऱ्याशिवाय नुसत्या वायफायच्या लहरींवरून ओळखायचं. कपाटाआडच्या कोपऱ्यात लहरी पोचत नसत. त्या वळवायला कुओ-शेंगनं सहा महिने गणितं करून पत्र्याचे आरसे बसवले. परवापरवा आलेल्या म्याओ-छिंगनं मात्र यंत्र रुसू नये म्हणून, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, खाऊची हिरवी पाकिटं भिंतीवर टांगली. एक नाही, नऊ! आतून चंदेरी असलेल्या त्या पाकिटांवर आपटून लहरी थेट कोपऱ्यात शिरल्या. क्योतोच्या परिषदेत बोलायला एकालाच पाठवायचं होतं आणि निवड संध्याकाळी होती.

"दादा, तुमच्या यंत्रावर पाकीट नाही?" तिनं सकाळी विचारलं होतं.

"मी शास्त्रज्ञ आहे, भगत नाही."

"तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे की एक! पण तारीख उलटलीय त्याची. शिळं चालत नाही हो."

हे फारच झोंबलं. कुओ-शेंग चवड्यांवर गेला, नऊच्या नऊ पाकिटं काढून छातीशी धरली आणि कपाटाआड शिरला. पाकिटं कुरकुरली. सरांचं घोरणं थांबलं. ते पुन्हा सुरू होईपर्यंत बिचारा दहा मिनिटं तसाच उभा होता. मग त्यानं पाकिटं आपल्या ड्रॉवरमध्ये कोंबली.

संध्याकाळी सर, दुपारभर चालूच असलेल्या यंत्राच्या पडद्यासमोर, नाचायचेच बाकी होते. "बारा छत्तीस! कोपऱ्यात एक माणूस, ठोके एकशे अडतीस! इतकी स्वच्छ नोंद आजवर झाली नाही!"

"पण सर, भिंतीवर पाकिटं नाहीत," म्याओ-छिंग म्हणाली. "म्हणजे ती त्या माणसाच्या छातीशी होती."

कुओ-शेंगच्या ड्रॉवरमधून एक हिरवा कोपरा बाहेर डोकावत होता.

"सर, मी फक्त..."

"तू? अरे, शाब्बास! आरसा भिंतीवर नाही, अंगावर हवा! तूही चल क्योतोला. ती बोलेल, तू पाकिटं धरून उभा राहायचंस. धर बघू!"

त्यानं धरली.

"दादा, ठोके तिथंही असेच पडायला हवेत हं," म्याओ-छिंग गोड हसली. "पण काळजी नको. आधी तुम्हाला माझंच भाषण ऐकायचंय."

पडद्यावरचा आकडा एकशे बेचाळीसवर गेला.