अनसाक्काची काळी खिडकी

एका जंगलात, किंवा तोवर त्याला अभयारण्य म्हणू लागले असतील, आता नक्की आठवत नाही, एक संगणक होता. तो अनसाक्का नावाच्या घोरपडीच्या ताब्यात होता, हे मात्र खरं. बहुधा खरं.

बालमित्रांनो, या संगणकाला एकच काम होतं. दक्षिणेच्या उतारावर वणवा लागला की तिथली तार तापायची आणि संगणक कचेरीतली घंटा वाजवायचा. घंटा ऐकून तळ्यातले हत्ती सोंडा भरून धावत यायचे. घंटेचा प्रोग्रॅम एका म्हाताऱ्या कासवाने लिहिला होता. निवृत्त होताना कासव एवढंच म्हणालं, "अक्का, पडद्यावरची ही काळी खिडकी कधी बंद करू नकोस. आज्ञा इथेच लिहायच्या."

अनसाक्काने ती तीन वर्षं बंद केली नाही. घोरपडच ती. धरलेलं सोडायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या फाल्गुनात दक्षिणेच्याच उतारावर, एका वारुळात, तिची एकोणीस अंडी होती.

आणि त्याच महिन्यात सिंहमहाराजांचा वाढदिवस होता. महाराजांचे तांत्रिक सल्लागार कोल्हेसाहेब. ते आठ महिने एका कॉलेजच्या कँटीनमागे राहून आले होते. त्यांनी नवा प्रोग्रॅम आणला. त्यामुळे प्रत्येक प्राण्याला महाराजांच्या डरकाळीत शुभेच्छा मिळणार होत्या. पण तो चालायचा संगणकाच्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीवर, आणि घंटेला समजायची फक्त दुसरी. कोल्हेसाहेबांनी तिसरी घातली. दुसरी बाहेर पडली. घंटा मुकी झाली.

"मग तिसरी काढून टाका की," अनसाक्का म्हणाली.

"अक्का, महाराजांचा वाढदिवस काढून टाकू म्हणता?"

शिवाय त्यांच्याकडे उपाय होता. एक साधन होतं म्हणे. ते सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवतं आणि ज्या प्रोग्रॅमला जी हवी, तिला हाक मारतं. ते बसवण्याच्या सूचना सागाच्या पानावर दहा ओळींत लिहिलेल्या होत्या. कोल्हेसाहेब वाचत गेले, अनसाक्का नखाने टाइप करत गेली. नऊ ओळी झाल्यावर साहेबांनी पान दुमडलं. दहावीत काय आहे, असं अक्काने विचारलं.

"शेवटी आभारच असतात," साहेब म्हणाले.

अक्काने काळ्या खिडकीत त्या साधनाचं नाव लिहिलं. संगणकाने उत्तर दिलं, "या नावाचं इथे कुणी नाही."

साहेब डगमगले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरं साधन आणलं. मग तिसरं. अशी नऊ झाली. मग या नऊ साधनांचा कारभार पाहणारं दहावं. प्रत्येक वेळी पान नवव्या ओळीला दुमडलं गेलं आणि प्रत्येक वेळी संगणक म्हणाला, "या नावाचं इथे कुणी नाही." महाराजांनी घंटेचं विचारलं तेव्हा साहेबांनी काम अंतिम टप्प्यात असल्याचं सांगितलं. अक्का रोज वारुळाला कान लावून यायची आणि पुन्हा खिडकीपुढे बसायची.

एका दुपारी दारातून तिला धूर दिसला. दक्षिणेला.

अंडी त्या बाजूला, घंटा या बाजूला. अक्का धुराच्या दिशेने चार पावलं धावली आणि थबकली. एकटी घोरपड वणव्यापुढे काय करणार? ती माघारी वळली. तिने घंटेवर शेपटी मारली. पुन्हा मारली. चाळीस-पन्नास वेळा तरी मारली असेल. हत्ती आले. आग वारुळापासून दोन हातांवर विझली. शेपटीचा शेंडा घंटेखाली पडला होता.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. "महाराज, घंटा वाजली," कोल्हेसाहेब म्हणाले. "याचा अर्थ साधन बसलं."

ती माझ्या शेपटीने वाजली, असं अक्का म्हणाली.

"अक्का, कशाने वाजली हा अंमलबजावणीचा तपशील झाला," साहेब मायेने म्हणाले.

साहेबांना पदवी मिळाली. अक्काला घंटेवर नेमलं, तात्पुरतं, साधन चालू होईपर्यंत. अंड्यांतून एकोणीस पिल्लं निघाली. मोठी झाली तशी तीही पाळीने घंटेवर लागली.

सात वर्षं गेली. एका उंदराने वायर कुरतडली आणि संगणक विझला. काळी खिडकी गेली. अक्का घाबरून रडलीच. वायर जोडल्यावर तिने खिडकी पुन्हा उघडली आणि उगाच पहिल्या साधनाचं नाव लिहिलं.

"हजर," संगणक म्हणाला.

दुसरंही हजर. नऊच्या नऊ हजर, आणि त्यांचा कारभारीही. अक्काने सागाचं जुनं पान शोधून उलगडलं. दहाव्या ओळीत आभार नव्हते. तिथे लिहिलं होतं, "आता खिडकी बंद करून पुन्हा उघडा." तिने संगणकातली तारीख तीनदा तपासली. साधन पहिल्याच दिवशी नीट बसलं होतं.

मग ती तळ्यावर त्या म्हाताऱ्या कासवाकडे गेली. "आजोबा, खिडकी बंद करू नको असं का सांगितलं होतं?"

कासवाने कवचातून मान बाहेर काढली. "अगं, मला ती पुन्हा उघडायला अर्धा दिवस लागायचा."

तात्पर्य: बालमित्रांनो, सूचनांची शेवटची ओळ कधी वाचू नये. ती वाचली की आपली सात वर्षं कुठे गेली ते कळतं. त्यापेक्षा लहानपणापासून शेपटी कमवावी. जंगल तिच्यावरच चालतं.