भुकेल्या राजाची पंगत

"आई, ताटं खाली मांड वं. टेबलावर लढाई हाय," प्रशिक लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

सिंधूताईंनी मुकाट्याने ताटं खाली मांडली. रविवारी दुपारी आपलं जेवणाचं टेबल आपलं नसतं, हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. टेबलावर तीन लॅपटॉप होते आणि त्यांच्यामागे तीन माणसं: त्यांचा मुलगा प्रशिक, समोरच्या घरातली मोनाली आणि कळमेश्वरच्या कारखान्यात नोकरी करणारा अंकुश. तिघंही लग्नाच्या वयाची, आणि तिघंही सुट्टीचा दिवस कुठल्याशा काल्पनिक राज्यात राक्षस मारण्यात घालवायची.

आज मात्र मामला गंभीर होता. मोनालीला पुण्यात नोकरी लागली होती आणि उद्या सकाळी ती निघणार होती. कितीतरी रविवार खर्ची घालून तिघं त्या खेळातल्या शेवटच्या दरवाजापर्यंत येऊन पोहोचली होती. दरवाजाच्या आत भुकेला राजा बसला होता. तो पडला की खेळ जिंकला. पण प्रशिकने सुरुवातीलाच हौसेहौसेने 'एकच जन्म' हा प्रकार निवडून ठेवला होता. त्यात तिघं मेली की आजवरची सगळी कमाई पुसली जायची, आणि लढाई एकदा सुरू झाली की मध्येच थांबवायची सोय नव्हती.

"आज हरलो ना, तर मी पुण्यात तोंड पाडून बसीन," मोनालीने सांगून टाकलं होतं. "नवीन ऑफिसात पहिल्याच दिवशी रडकी पोरगी म्हणून ओळख होईन माही."

प्रशिक हा या टोळीचा स्वयंघोषित मेंदू. कोणी कोणत्या गुणात किती पॉइंट टाकायचे, म्हणजे ही मंडळी ज्याला 'बिल्ड' म्हणतात, ते तोच ठरवायचा. तो स्वतः ढालवाला. सगळे पॉइंट ताकदीत आणि अंगकाठीत, अकलेत शून्य. "त्यात तुले काही बदलच नाही करा लागला," असं मोनाली म्हणायची. मोनाली अग्नीची जादूगार. तिचा एक गोळा पडला की समोर होळी, पण तिला कोणी नुसता धक्का मारला तरी ती आडवी. आणि दाराच्या चौकटीला डोकं लागणारा धिप्पाड अंकुश या टोळीत हीलर होता, म्हणजे सगळ्यांच्या जखमा भरणारी पांढऱ्या झग्यातली नाजूक साध्वी. तिचे सगळे पॉइंट दयेत होते. तिचा हात लागला की मरणारा उठून बसायचा. फक्त हात लागण्यापुरतं जवळ असावं लागायचं.

तर ही साध्वी आता भाकरीबरोबर ठेचा खात होती.

"काकू, हा भिवापूरच्या मिरचीचा हाय ना? वाढा मंग अजून."

"जपून खाय बाबू. भल्ला तिखट हाय."

"हे तिखट? हे तं लहान पोराइची चटणी हाय!" असं म्हणून अंकुशने ठेचा भाजीसारखा ओरपला. सिंधूताई वाढत गेल्या. खाणारा माणूस समोर बसला की त्यांचा हात आपोआप चालतो, त्याला त्यांचाही इलाज नव्हता.

जेवणं आटोपून सगळे पुन्हा टेबलाशी बसले. साध्वीची लेव्हल नुकतीच वाढली होती आणि चार नवे पॉइंट वाटायचे होते. अंकुशने माऊसला हात घातला आणि तो तसाच थांबला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "मी आलोच," एवढंच म्हणून तो धावला. संडासाचं दार धाडकन लागलं आणि आतून त्याने माय आठवल्याचा आवाज आला.

सिंधूताईंना फार वाईट वाटलं. आपल्या ठेच्याने पोरगं कामातून गेलं म्हटल्यावर त्या सरळ त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"काय करा लागते सांग मले. त्याचं काम मी करीन."

"काहीच करू नोको वं आई! नुसती बसून राय. तो आला का मंग आत जाऊ," प्रशिक म्हणाला आणि मोनालीला लढाईचा बेत समजावू लागला.

आता सिंधूताई काही न करता बसणार, हे त्यांच्या पोटच्या पोराला तरी खरं वाटायला नको होतं. बेत समजावून प्रशिकने वळून पाहिलं तर साध्वीचे चारही पॉइंट संपलेले.

"आई! काय केलं तू?"

"चार होते, चार जागी एकेक देल्ला. ताकद, चपळाई, दया आन् तो पल्ला का काय तो. कोणाले कमी नाही, कोणाले जास्त नाही."

"अवं, सगळे दयेत टाकाचे होते! हीलरले पल्ला काहून पायजे? लांबून काय दगड मारनार हाय का ती?"

"प्रशिक," मोनाली बारीक आवाजात म्हणाली, "दार उघडून राहिलं."

"ते आत येता का म्हणून विचारत होते," सिंधूताई म्हणाल्या. "हाव म्हटलं मी. बोलावणं आल्यावर नाही कसं म्हणाचं?"

दार उघडलं, तिघं आत ओढली गेली आणि मागे ते धाडकन बंद झालं. सिंहासनावरून भुकेला राजा उठला. हाडांचा नुसता सापळा, डोक्यावर वाकडा मुकुट आणि हातात बैलगाडीच्या चाकाएवढी गदा! या खेळात तिघांची पाळी एकदमच यायची आणि वर घड्याळातली वाळू भराभर गळायची, त्यामुळे आईच्या हातून माऊस घेऊन दोन्हीकडे लढायला प्रशिकला सवडच नव्हती. राजाने पहिल्याच फटक्यात त्याची ढाल चेपली.

"आई, मले दवा दे! त्या पांढऱ्या हातावर दाब, मंग माह्यावर दाब!"

सिंधूताईंनी दाबलं. प्रशिकचा जीव भरून आला. पुढच्या पाळीला त्यांनी पुन्हा त्याच्यावरच दाबलं.

"आता काहून? फुल हाय मी!"

"घे रे, थोडंसंच हाय."

"वाया गेलं ना वं ते! मोनाली मरून राहिली तिकडे, तिले दे!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दरवर्षी दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून लोक येतात तेव्हा सिंधूताईंच्या वस्तीचा भोजनदानाचा मंडप लागतो, आणि त्या मंडपातला भाताचा डाव प्रशिकच्या जन्माच्या आधीपासून सिंधूताईंच्या हाती आहे. तिथला त्यांचा नियम एकच. समोर जो आला त्याच्या ताटात पडलंच पाहिजे. कोण, कुठला, हे विचारायचं नाही, आणि पुरे म्हणणाऱ्याचं लगेच ऐकायचं नाही.

लढाई मात्र हाताबाहेर चालली होती. मोनालीचे आगीचे गोळे राजाच्या फासळ्यांमधून आरपार जात होते. प्रशिकची तलवार हाडांवर नुसती खणखणत होती. राजाचा जीव पाव हिस्साही कमी झाला नव्हता आणि इकडे प्रशिक मरायला टेकला होता. साध्वीजवळ एकाच वेळच्या दवेपुरती शक्ती उरली होती. एवढ्यात राजाने जबडा वासला आणि घोगऱ्या आवाजात ओरडला, "भूक! भूक!"

सिंधूताईंचा हात थबकला.

"काय म्हणून राहिला तो?"

"भूक लागली म्हणते!" प्रशिक ओरडला. "तू त्याच्याकडे पाहू नोको! मले दे! शेवटची हाय! लवकर, वाळू संपून राहिली!"

"तू आताच भाकरी खाल्ली बापा. तो पाय किती वाळला हाय."

"आई, नोको! तो दुश्मन हाय! आई!"

साध्वीचा हात पुढे झाला. एरवी तो राजापर्यंत पोहोचलाच नसता, पण आज त्याला पल्ल्याचा एक पॉइंट मिळाला होता. पांढरा उजेड थेट राजाच्या छातीवर जाऊन पडला. प्रशिकने डोळे मिटून घेतले.

जी किंकाळी आली ती राजाची होती. त्याच्या हाडांना पांढरी आग लागली आणि त्याचा जीव एका झटक्यात अर्ध्यावर आला.

मोनाली खुर्चीवरून उडालीच. "प्रशिक! तो मेलेला हाय! जित्याले जे जगवते, ते मेलेल्याले जाळून राहिलं!"

"आपल्याले काहून नाही सुचलं हे?"

"दुश्मनाले दवा कोण देते बे! काकू, वाढा! अजून वाढा त्याले!"

"पण संपलं ना वं पोरी, भाताचा गंज खाली झाला."

"हे घ्या!" मोनालीने आपल्या थैलीतल्या निळ्या शक्तीच्या बाटल्या धडाधड साध्वीकडे फेकल्या. प्रशिकने सगळा बेत सोडून राजाच्या पायाला मिठी मारली. हीच काय ती अकलेच्या शून्य पॉइंटात बसणारी चाल होती.

"घे गा राजा, लाजू नोको," सिंधूताईंनी वाढलं. राजा भेलकांडला. "अजून घे. एवढ्यानं काय होते?" राजा गुडघ्यावर आला, तरी त्याची गदा प्रशिकच्या डोक्यावर उगारलेलीच होती.

"काकू, सोडू नोका! आग्रह करा!"

"बस आता, हा एक घास माह्या नावाचा!" सिंधूताई म्हणाल्या आणि त्यांनी शेवटचं वाढण घातलं.

गदा खाली पडली. मुकुट घरंगळत गेला. राजा सिंहासनाच्या पायरीवर हळूहळू आडवा झाला आणि पडदा सोनेरी झाला. मोनालीने सिंधूताईंना कडकडून मिठी मारली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. प्रशिक टेबलाभोवती नाचला, पाय ताटात पडला, तरी नाचला. जिंकले होते, खरंच जिंकले होते!

त्या गोंधळात संडासाचं दार उघडलं. पोट धरून, भिंतीच्या आधाराने अंकुश बाहेर आला.

"काय झालं बे? मेलो का आपन?"

"हळू बोल रे बाबू," सिंधूताई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या. "उपाशी होता बिचारा, म्हणून तं एवढा चिडला होता. पोटभर जेवला, आताच डोळा लागला त्याचा."

प्रशिकने सांगायला तोंड उघडलं. मोनालीने हळूच त्याच्या पायावर पाय दिला. मग त्याने हात पुढे केला आणि विजयाच्या नगाऱ्यांचा आवाज बारीक केला.